बँकॉकमधलं जपान: फ्रोम फोंग ते थाँग लो, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बँकॉकला जाऊन आलेल्या मराठी माणसाची यादी बहुतेक ठरलेली असते: मंदिरं, तरंगता बाजार, पट्टाया आणि एमबीके मॉलमधली खरेदी. याच शहरात सुखुमवित रस्त्यावर, आकाशरेल्वेच्या दोन-तीन स्थानकांच्या पट्ट्यात हजारो जपानी कुटुंबं राहतात हे फारसं कुणाच्या गावी नसतं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना, जपानी कंपनीत नोकरी करणाऱ्यांना, किंवा जपानचं तिकीट परवडत नाही पण तिथलं जेवण तरी चाखू म्हणणाऱ्यांना हा भाग फार उपयोगाचा आहे. मी कामानिमित्त बँकॉकमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या ओळखीच्यांना इथे फिरवते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. याओवारातच्या चायनाटाऊनसारखी कमान, लाल कंदील, फोटोसाठी सजवलेली गल्ली इथे नाही. नुसतं हिंडायला आलात तर उंच इमारती, मॉल आणि ट्रॅफिक दिसेल आणि "यात जपान कुठे आहे?" असं म्हणत परत जाल. गिऱ्हाईक म्हणून वावरलात, योग्य वेळी योग्य दारातून आत शिरलात, तरच हा भाग दिसतो. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

१. हा भाग नेमका काय आहे

थायलंडमध्ये सत्तर हजारांच्या आसपास जपानी नागरिक राहतात आणि त्यातले बहुसंख्य बँकॉकमध्ये. जपानबाहेर सर्वाधिक जपानी राहत असलेल्या शहरांत लॉस एंजेलिसच्या खालोखाल बँकॉकचं नाव गेली कित्येक वर्षं येतं. त्यांच्या वस्तीचा गाभा म्हणजे सुखुमवित रस्त्याची उत्तर बाजू: फ्रोम फोंग स्थानकाजवळच्या सोई ३१, ३३, ३९, मग सोई ४९, थाँग लो म्हणजे सोई ५५ आणि एक्कमाई म्हणजे सोई ६३. सोई म्हणजे मुख्य रस्त्याला फुटणारी गल्ली.

हे लोक इथे आले कारखान्यांमागून. टोयोटा थायलंडमध्ये १९६२ पासून आहे. पण खरा लोंढा आला तो १९८५ च्या प्लाझा या चलनविषयक करारानंतर. येन महागला, जपानमध्ये माल बनवून निर्यात करणं परवडेना, आणि कंपन्यांनी कारखाने आग्नेय आशियात हलवले. चोनबुरी, रयोंग, अयुथया इथे गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. साहेब मंडळी आणि त्यांची कुटुंबं बँकॉकमध्ये राहू लागली. कंपनी तीन-पाच वर्षांसाठी पाठवते, मुलं जपानी शाळेत जातात, मुदत संपली की घर आवरून परत. त्यामुळे वस्ती कायम, माणसं मात्र बदलती. स्थलांतरितांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीने जपलेला जुनाट जपान इथे मिळत नाही. टोकियो-नागोयाच्या उपनगरात आज जे खातात, वापरतात तेच इथल्या फळ्यांवर असतं.

सगळं नेहमीच गोडीगुलाबीचं नव्हतं, हेही माहीत असू द्या. १९७२ मध्ये थाई विद्यार्थ्यांनी जपानी मालावर बहिष्काराची मोहीम चालवली होती आणि जानेवारी १९७४ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका बँकॉकला आले तेव्हा मोठी निदर्शनं झाली. आज मात्र जपानी जेवण हे थाई मध्यमवर्गाचं आवडतं बाहेरचं जेवण आहे. जेट्रो या जपानी सरकारी व्यापारसंस्थेच्या २०२३ च्या पाहणीत देशभरात पाच हजारांहून अधिक जपानी उपाहारगृहं मोजली गेली. म्हणून सोई ३९ मधल्या दुकानात शेजारच्या टेबलावर थाई कॉलेजकुमार दिसले तर "हे खरं जपानी ठिकाण नाही" असा निष्कर्ष काढू नका.

२. काय काय जवळ हवं

कागदपत्रं:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला. भटकताना त्याची छायाप्रत किंवा मोबाईलमध्ये फोटो ठेवा. मूळ प्रत लागते तेव्हा (सिमकार्ड, आकाशरेल्वेचं रॅबिट कार्ड) तेवढ्यापुरती न्या.
- व्हिसाची स्थिती. भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीवर तिकीट काढू नका. मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाचं संकेतस्थळ पाहा.
- डिजिटल आगमन पत्र, म्हणजे टीडीएसी. १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. थायलंडमध्ये पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. हे पूर्ण मोफत आहे. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या बऱ्याच साईट्स सरकारी असल्याचा आव आणून पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट टीएच' आहे ना, एवढं बघा.
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण.

वस्तू:

- रोख बाहत. आपलं यूपीआय चालेलच असं धरून निघू नका. छोट्या इझाकायात, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या दुकानात, कार्ड चालेलच असंही नाही. एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढले की दर वेळी दोनशे बाहतच्या वर शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे काढू नका. यंत्राने "रुपयांत रूपांतर करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी महाग पडतो.
- मोबाईलवर भाषांतराचं ॲप आणि त्यात थाई व जपानी अशा दोन्ही भाषा ऑफलाइन उतरवलेल्या. मेन्यू जपानी आणि थाईमध्ये असतो, इंग्रजी असेलच असं नाही. वाढणारा मुलगा बहुधा थाई किंवा म्यानमारचा असतो, त्याच्याशी जपानीत बोलून उपयोग होईलच असं नाही.
- गाडी बोलवायचं ग्रॅब किंवा बोल्ट ॲप, छत्री, आणि न फाटलेले मोजे. ताटामीच्या, म्हणजे जपानी गवती चटयांच्या खोलीत बूट काढून बसतात, म्हणून मोज्यांचं लिहिलं.

ई-सिगारेट मात्र अजिबात नेऊ नका. थायलंडमध्ये ती आणणं बेकायदा आहे आणि पर्यटक म्हणून सूट मिळत नाही.

३. वार आणि वेळ

बहुतेक जण रविवारी दुपारी तीनला येतात, आणि नेमकी हीच वेळ चुकीची. जेवणाची बरीचशी छोटी दुकानं साडेअकरा ते दोन उघडी असतात, मग बंद होतात आणि पाचला पुन्हा उघडतात. तीन वाजता फक्त मॉलमधली दुकानं चालू सापडतील.

शक्यतो आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. सकाळी सातच्या आत सोई ३९ किंवा ४९ मध्ये असलात तर शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं आणि आया दिसतील. रामा ९ रस्त्यावरची बँकॉकची जपानी शाळा जपानबाहेरच्या सर्वांत मोठ्या जपानी शाळांपैकी आहे. दुपारी ऑफिसवाले जेवायला बाहेर पडतात, चारनंतर सुपरमार्केट भरतं, सातनंतर इझाकाया.

वर्षाच्या हिशेबाने बघायचं तर मार्च-एप्रिलमध्ये बदल्या होतात, कारण जपानचं आर्थिक आणि शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं. परत जाणारी कुटुंबं घरातलं सामान स्वस्तात काढतात. राइसकुकर, भांडी, मुलांची पुस्तकं. जपानी शिकणाऱ्यांनी यावर लक्ष ठेवावं, लहान मुलांची चित्रमय पुस्तकं कवडीमोलाने मिळतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पूर्वजांच्या सणाच्या सुट्टीत बरीच कुटुंबं मायदेशी गेलेली असतात, वस्ती ओस वाटते. १३ ते १५ एप्रिल हे सोंगक्रानचे, म्हणजे थाई नववर्षाचे दिवस. तेव्हा अंगावर पाणी पडणारच आणि अनेक दुकानं बंद. जून ते ऑक्टोबर पाऊस. संध्याकाळी तासभर कोसळतो आणि सोईंमध्ये पाणी तुंबतं.

४. पोहोचायचं कसं, आणि सोईंचं गणित

सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने शेवटच्या फाया थाई स्थानकापर्यंत या, तिथे बीटीएसची, म्हणजे आकाशरेल्वेची, सुखुमवित मार्गिका पकडा आणि थेट फ्रोम फोंगला उतरा. मक्कासानला उतरून मेट्रोने सुखुमवित आणि मग असोकहून बीटीएस हा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण बॅगा ओढत दोन बदल करावे लागतात. शहरात आधीच असाल तर बीटीएस पुरे. असोक, फ्रोम फोंग, थाँग लो, एक्कमाई ही स्थानकं ओळीने येतात. दिवसभर फिरणार असाल तर रॅबिट कार्ड घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी तिकीटयंत्रापुढे उभं राहायला नको.

आता पत्त्याची गंमत, कारण नव्या माणसाची सर्वांत जास्त पायपीट इथेच होते.

सुखुमवितच्या उत्तरेला विषम क्रमांकाच्या सोई, दक्षिणेला सम. पण ३९ समोर ४० नसते. सोई ३९ समोर सोई २४ येते, ५५ समोर ३८, ६३ समोर ४२. उत्तरेकडच्या गल्ल्या संख्येने जास्त असल्याने हे अंतर वाढत जातं. "सोई ३८ च्या जवळ म्हणजे ३९ च्या जवळच" असं समजून निघालात तर एक अख्खं स्थानक चुकेल.

दुसरं, ३३ आणि ३३/१ या दोन वेगळ्या गल्ल्या आहेत. तिसरं, थाँग लोच्या आत पुन्हा क्रमांकाच्या उपगल्ल्या आहेत. "थाँग लो सोई १३" आणि "सुखुमवित सोई १३" यांत काही किलोमीटरचं अंतर आहे. सोई ५५, थाँग लो, थाँगलोर ही सगळी एकाच रस्त्याची नावं; नकाशात कुठलंही दिसू शकतं.

सोई ३९ आणि थाँग लो लांबच लांब आहेत. थाँग लो सुखुमवितपासून सेन सेप कालव्यापर्यंत सुमारे अडीच किलोमीटर जाते. उन्हात चालत जायचा हट्ट धरू नका. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटरसायकलवाले उभे असतात. भाडं आधी विचारा, हेल्मेट मागा, आणि साडी किंवा लांब ओढणी असेल तर नीट आवरून बसा. संध्याकाळी पाच ते आठ टॅक्सीत बसू नका. थाँग लोवर त्या वेळी गाड्या हलत नाहीत, मीटर तेवढा हलतो.

५. सकाळ: सोई ३३/१ आणि आजूबाजू

फ्रोम फोंगला उतरून उत्तर बाजूने असोकच्या दिशेने, म्हणजे उलट चालायला लागा. एम-क्वार्टियर मॉल मागे टाका, सोई ३५ ओलांडा, की ३३/१ येते. गल्ली छोटी आहे. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, कारण दोनशे पावलांत बेकरी, सुपरमार्केट आणि खाण्याची दुकानं असा सगळा मामला आहे.

'कस्टर्ड नाकामुरा' ही छोटीशी बेकरी. आतमध्ये ट्रे आणि चिमटा घ्यायचा, हवं ते ट्रेवर ठेवायचं, गल्ल्यावर द्यायचं. लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड सारणाचा आनपान पाव मराठी जिभेला लगेच रुचतो. पुरणाशी नातं सांगणारं काहीतरी आहे त्यात. अंड्याचं सँडविच प्रसिद्ध आहे. 'करी पान' मात्र विचारल्याशिवाय उचलू नका, त्यात बहुधा मांस असतं.

मग 'फूजी सुपर'. या साखळीच्या इतर शाखाही याच पट्ट्यात आहेत, पण ही पाहावी. घाई करू नका. अर्धा-पाऊण तास द्या. मालावर जपानी छापील मजकूर आणि वर चिकटवलेली थाई पट्टी असते. जपानी शिकत असाल तर पाठ्यपुस्तकात न मिळणारा सराव इथे फुकट आहे: घटकांची यादी, साठवणुकीच्या सूचना, मुदतीची तारीख. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, मिसो या सोयाबीनच्याच आंबवलेल्या पेस्टचे निरनिराळे रंग, लोणच्यांची भिंत, तयार बेंतो म्हणजे जेवणाचे डबे. दाराजवळ जपानी मोफत मासिकं, घरभाड्याच्या आणि शिकवण्यांच्या जाहिराती दिसल्या तर तेवढ्या अवश्य वाचा. कुठलीही वस्ती तिच्या सूचनाफलकावर जेवढी कळते तेवढी दुसरीकडे कळत नाही. संध्याकाळी बेंतो आणि साशिमीवर (कच्च्या माशाच्या कापांवर) सवलतीची पट्टी लागते. स्वस्तात हवं असेल तर तेव्हा पुन्हा या.

शेजारची सोई ३३ ही एके काळी मोने, रेन्वा अशा चित्रकारांची नावं लावलेल्या बारांची गल्ली होती. आता तिथे जपानी खाद्यगृहांची दाटी झाली आहे. जाता जाता बघा.

ऊन चढलं तर एम-क्वार्टियरमधलं किनोकुनिया पुस्तकदुकान गाठा. जपानी पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. समोरच एम्पोरियमला लागून बेंजासिरी उद्यान आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला उद्यानात आणि स्थानकात थाई राष्ट्रगीत वाजतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा.

६. दुपारचं जेवण: खिशाला इथेच परवडतं

संध्याकाळी हजार बाहतच्या आत न सुटणारं दुकान दुपारी अडीचशे-तीनशेत जेवू घालतं. (एक बाहत म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये.) 'तेइशोकु' किंवा 'लंच सेट' मागा: भात, मिसो सूप, लोणचं, एक मुख्य पदार्थ, एखादी बारीकशी भाजी. भात आणि कोबी वाढून मिळतो का ते विचारा, अनेक ठिकाणी मिळतो.

बारा ते एकमध्ये ऑफिसवाल्यांची झुंबड असते. साडेअकराला दार उघडताच शिरा. आत शिरल्यावर सगळे मिळून मोठ्याने स्वागत करतात; उत्तर द्यायची गरज नाही, किती जण ते बोटांनी दाखवा. बऱ्याच दुकानांत काउंटरवर आठ-दहा खुर्च्या एवढाच संसार. आपली सवय दहा-बारा जणांनी एकत्र जायची. तसं आधी न कळवता गेलात तर हात जोडून परत पाठवतील आणि त्यात अपमान काही नाही. चारपेक्षा जास्त असाल तर आरक्षण करा किंवा दोन गट पाडा.

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. जपानी लोक तसं मृताच्या नैवेद्याला करतात. गरम ओला रुमाल देतात तो हात पुसायला. पिशवीतला चिवडा, थेपला इथे काढू नका, कितीही भूक लागली तरी.

७. शाकाहारी असाल, किंवा गोमांस-डुकराचं मांस खात नसाल

हा टप्पा सावकाश वाचा. मासे खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला इथे स्वर्ग आहे, देशावरच्या शाकाहाऱ्याला मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

अडचण मांसाच्या तुकड्यांची नसते, ते दिसतात. अडचण 'दाशी'ची. जपानी स्वयंपाकाचा हा मूळ अर्क. बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून आणि कोंबू या समुद्री शेवाळापासून बनतो. मिसो सूप, उदोन आणि सोबा हे नूडल, उकडलेल्या भाज्या, अंड्याचा गोडसर रोल, इतकंच काय भाज्यांच्या टेम्पुराबरोबर, म्हणजे जपानी भज्यांबरोबर, येणारी चटणीही दाशीवर केलेली असते. "भाजी आहे ना? मासा नाही ना?" असं विचारलंत तर समोरचा प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, कारण त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच.

म्हणून प्रश्न असा विचारा: "कात्सुओ-दाशी आहे का?" आणि "दाशी नसलेलं काय आहे?"

ॲलर्जीच्या तक्त्यावरही भिस्त ठेवू नका. जपानी पद्धतीच्या तक्त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे येतात. बोनिटो त्या यादीत येतच नाही. तक्त्यात काही खूण नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं होत नाही.

बऱ्यापैकी सुरक्षित पदार्थ: मीठ घातलेले एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, काकडीची सुशी म्हणजे काप्पा-माकी, उमेबोशी हे आंबट लोणचं घातलेली ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, पांढरा भात आणि नात्तो (सोबतची सॉसची पुडी बाजूला ठेवून), गार तोफू म्हणजे हियायाक्को, वरचा माशाचा कीस काढायला सांगून, आणि भाज्यांचा टेम्पुरा चटणीऐवजी मिठाबरोबर. टेम्पुराच्या पिठात अंडं आणि तळणीत कोळंबी असू शकते, तेवढं चालतं का ते तुमचं तुम्ही ठरवा. तोफूच्या पिशवीतली इनारी सुशी दिसायला निरागस, पण ती पिशवी बहुधा दाशीत शिजवलेली असते.

हे शब्द पाठ करा: ग्यू म्हणजे गोमांस, बुता किंवा तोन म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी, एबी म्हणजे कोळंबी, साकाना म्हणजे मासा. ग्यूदोन, तोनकात्सु, याकितोरी ही नावं मग आपोआप उलगडतात. रामेनचं पाणी मात्र बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं असतं, वरचं मांस काढून भागत नाही. जपानी करीच्या वड्यांतही अनेकदा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते. नावात करी आहे म्हणून फसू नका.

अगदीच जमलं नाही तर थाई 'जे' जेवण शोधा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर ही त्याची खूण. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसतं, लसूण-कांदाही नसतो. "किन जे" एवढं म्हटलं की थाई माणसाला कळतं. जैन मित्र-मैत्रिणींना घेऊन मी सरळ तिकडेच जाते आणि जपानी सुपरमार्केट फक्त बघायला ठेवते.

८. दुपारनंतर: थाँग लो आणि डोन्की

थाँग लो स्थानकावरून मोटरसायकलने आत जा. सोई १३ च्या आसपास जपानी खाद्यगृहं, केशकर्तनालयं, मुलांचे शिकवणी वर्ग असं सगळं दाटीने आहे. बाकी थाँग लो आता श्रीमंत थाई तरुणाईचा रस्ता झाला आहे. महागडे कॅफे बघायचे नसतील तर फार वेळ घालवू नका.

थाँग लो सोई १० मधून एक्कमाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'डोन्की मॉल' आहे. 'डोन डोन डोन्की' या दुकानाची थायलंडमधली पहिली शाखा, २०१९ मध्ये उघडलेली. फूजी सुपर हे गृहिणीचं दुकान, तर डोन्की म्हणजे जत्रा: छतापर्यंत माल, भडक फलक, अखंड वाजणारं जाहिरातीचं गाणं. इथलं भट्टीत भाजलेलं गरम रताळं घ्या. शाकाहारी आहे, स्वस्त आहे, आणि उपवासालाही चालेल.

तब्येत बिघडली तर सोई ४९ मधलं समितिवेज रुग्णालय याच परिसरात आहे. जपानी रुग्णांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. खासगी आणि महागडं रुग्णालय आहे, तेव्हा प्रवास विमा काढून या.

पाय दुखत असतील तर जपानी पद्धतीचं गरम पाण्याचं स्नानगृह, म्हणजे ओन्सेन, सोई २६ मध्ये 'युनोमोरी' नावाचं आहे. स्त्री-पुरुषांचे कक्ष वेगळे, पण पाण्यात उतरताना अंगावर काहीही नसतं. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, छोटा रुमाल पाण्यात बुडवायचा नाही. संकोच वाटणार असेल तर पैसे भरण्याआधीच ठरवा. गोंदण असेल तर काउंटरवर विचारून घ्या.

९. संध्याकाळ: इझाकाया आणि बिलाची बेरीज

इझाकाया म्हणजे पिण्याबरोबर छोट्या छोट्या बशा मागवत दोन-अडीच तास बसायची जागा. न पिणाऱ्यानेही जावं, थंड ऊलाँग चहा घ्यावा. मात्र एकच बशी मागवून तासभर बसू नका.

बिल बघून धक्का बसतो तो या कारणांनी:

- मेन्यूवरच्या किमतीपुढे दोन अधिकचिन्हं असतील तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग ७ टक्के व्हॅट लागतो. हजाराचे ११७७ होतात. वेगळी टीप मग गरजेची नाही.
- बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी येते. ती 'ओतोशी'. काही ठिकाणी तिचे पैसे लागतात, आणि तीत बहुधा मासा किंवा मांस असतं.
- 'नोमिहोदाई' म्हणजे ठरावीक वेळेत हवं तितकं प्या. बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यावं लागतं. एकाने प्यायचं आणि बाकीच्यांनी बघायचं असं चालत नाही.

बौद्ध सणांच्या काही दिवशी दारूविक्रीवर बंधनं असतात. त्या दिवशी फक्त जेवणाचा बेत ठेवा.

१०. कुठे शिरायचं नाही, काय करायचं नाही

दारावर 'फक्त सभासदांसाठी' लिहिलेले बार, काळ्या काचांचे 'स्नॅक' आणि कराओके क्लब. स्नॅक म्हणजे खाऊ नव्हे. तिथे तासावर पैसे लागतात, शेजारी बसणाऱ्या मुलीच्या पेयाचे वेगळे, आणि गिऱ्हाईक बहुधा कंपनीच्या खर्चाने येतं. सिलोम भागातली थानिया गल्लीही अशीच. जपानी पाट्यांनी भरलेली म्हणून काही जण तिला 'बँकॉकचं जपान' म्हणून सुचवतात. मुलाबाळांना घेऊन तिकडे जायचं कारण नाही.

राहत्या इमारतींच्या आवारात शिरू नका, पहारेकरी अडवतील. शाळेच्या बसजवळ मुलांचे फोटो काढू नका. दुकानात जेवणाचा फोटो चालतो, काउंटरमागच्या आचाऱ्याचा विचारून. आणि जपानी दिसणाऱ्या प्रत्येकावर आपल्या जपानी संभाषणाचा सराव करू नका. बेकरीत, सुपरमार्केटमध्ये गरजेपुरतं बोला. समोरचा खुलला तर पुढे जा. सरावासाठी योग्य जागा हवी असेल तर असोकजवळचं जपान फाउंडेशनचं कार्यालय गाठा, तिथे ग्रंथालय आहे. उघडं असण्याचे वार आधी तपासा.

११. परतताना

फूजी किंवा डोन्कीमधून काय न्यावं? सुकं कोंबू, भाजलेला हिरवा चहा, भातावर भुरभुरायचं तिळाचं फुरिकाके (माशाचा कीस नाही ना ते पाहून), सोबाचे कोरडे नूडल. मिसो पेस्ट आणि सोया सॉस हातातल्या बॅगेत ठेवू नका. पेस्टही द्रवात मोजली जाते आणि शंभर मिलिलिटरच्या वरचा डबा सुरक्षा तपासणीत काढून घेतात. चेक-इन बॅगेत प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून टाका. मांसाचे पदार्थ, अगदी करीच्या वड्यासुद्धा, भारतात उतरल्यावर अडकू शकतात. नात्तो तर मुळीच नेऊ नका. चार-साडेचार तासांच्या प्रवासात पिशवी गरम झाली की शेजारच्या प्रवाशाला त्याचा वास लपवता येणार नाही.

रात्रीचं विमान असेल आणि सामान हॉटेलवर असेल, तर थाँग लोहून साडेपाचच्या आधी निघा. विमानतळ रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, त्यानंतर टॅक्सीच.